पट्टा कपाटात, आई स्वयंपाकघरात

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या दारापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत चपलांचा खच आणि चपलांच्या मध्ये माणसं. मी ऑफिसातून दमून आलेली, हातात भाजीची पिशवी, आणि स्वतःच्या घरी जायला "जरा सरका, जरा सरका" करतेय. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, रांगेतून या."

"मी वर राहते. माझ्या घरी जायलाही रांग लावू का?"

"हळू बोला हो. आत त्या आल्यात."

"कोण त्या?"

"काकू."

काकू म्हणजे माझ्या खालच्या मजल्यावरच्या घड्याळकाकांची बायको. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. काकूंना जाऊन काही महिने झाले होते. त्यांना पोचवायला मी गेले होते, तेव्हा या रांगेतले निम्मेसुद्धा फिरकले नव्हते.

मी पिशवी सावरत आत घुसले. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक लहानसा पडदा आहे आणि सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. पडद्यावर ओळ होती, "आई : स्वयंपाकघर". स्वयंपाकघराच्या दारातून आत बघायची कुणाची छाती होत नव्हती. मी बघितलं. ओटा होता, पालथं घातलेलं पातेलं होतं, बाकी कुणी नव्हतं.

तो पडदा ज्या डबीला जोडलेला आहे ती आमच्याच कंपनीची. वय झालेली माणसं एकटी राहतात, मुलं लांब असतात, त्यांच्यासाठी ती डबी. मनगटावर पट्टा बांधायचा. माणूस एका खोलीतून दुसरीत गेलं की डबीला कळतं आणि लांबच्या मुलाच्या फोनवर ओळ उमटते. बाबा बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, झालं, मुलगा निवांत. काकांच्या मुलाच्या सांगण्यावरून ती मीच बसवून दिली होती. मुलगा वडिलांना अण्णा म्हणतो, म्हणून डबीत दोन नावं: आई आणि अण्णा. काकू गेल्यावर त्यांच्या पट्ट्यातला सेलही मीच काढला आणि पट्टा कपाटात ठेवला. तो अजून तिथेच होता, हे मी उघडून पाहिलं.

"पट्टा इथे आहे," मी सगळ्यांना दाखवला. "यात सेल नाही. हे सिग्नल पाठवूच शकत नाही."

आरामखुर्चीतून उत्तर आलं, "म्हणूनच."

आरामखुर्चीत निरोपबाबा होते. गेलेल्या माणसांचे निरोप आणून देतात म्हणून हे नाव. पांढरे शुभ्र कपडे, गुळगुळीत आवाज, आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला मान डोलवायला पुरेल एवढी विश्रांती.

"ताई शिकलेल्या आहेत," बाबा गर्दीला म्हणाले, "त्यांनीच पुरावा दिला. सेल नाही, तरी यंत्र बोलतंय. आत्मा म्हणजे काय? लहर. यंत्र म्हणजे काय? लहर पकडणारं. देह गेला, पण लहर कुठे जाणार?"

"स्वयंपाकघरात," खालची शिंपीणबाई डोळे पुसत म्हणाली.

"एवढा जन्म तिथेच गेला, आता मेल्यावर तरी बाहेर पडू द्या तिला," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. आजकाल विनोदालाही रांगेतून यावं लागतं.

"अण्णा, चला," बाबा म्हणाले. "तुम्ही चाललात की त्या येतात. हाक पायांनी मारायची."

आणि काका उठले. उजव्या पायाला बँडेज, भिंतीला हात लावून, बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात, पुन्हा बाहेर. साखरेचा आजार, तळव्याला जखम. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, पाय जमिनीला टेकवायचा नाही, आणि या आठवड्यात दाखल झाला नाहीत तर गुडघ्याखाली पाय ठेवता येणार नाही. आणि इथे पंचवीस माणसं बसून त्यांना चालवत होती. जखमेतून पाणी झिरपून फरशीवर ओले ठसे उठले होते. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे पडद्याकडे बघत होते.

गर्दी पांगल्यावर मी काकांसमोर बसले. "काका, उद्या हॉस्पिटलात चला. मी रजा घेते."

"नाही जमायचं ग. बाबा म्हणालेत, एक रात्र जरी घर सोडलं तर दोर तुटेल. मग ती यायची नाही."

"पाय जाईल."

"जाऊ दे. एका पायानंही स्वयंपाकघरापर्यंत पोचता येतं." मग जरा थांबून म्हणाले, "तुला एक सांगू? ती गेल्यापासून या घरात कुणी आलं नव्हतं. बाबा आले, माणसं आली. आता निदान दाराची कडी वाजते."

मी माझ्या घरी गेले आणि ओट्यापाशी उभी राहून जेवले. एकट्या माणसाला ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो. मी वर, ते खाली, मध्ये एक जिना, आणि तो जिना मी किती वेळा उतरले होते? बाबा मात्र दोन गल्ल्या ओलांडून रोज येत होता.

काकांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मला कळतं की ते खरं नाही. पण इथे जेवायला बसलो आणि फोनवर 'आई : स्वयंपाकघर' आलं की घास गोड लागतो. तक्रार कशी करू? तुम्ही येऊन दुरुस्त कराल."

"अरे, अण्णांचा पाय जाईल."

"हो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "करा दुरुस्त."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुन्या तक्रारी काढल्या. तशा बऱ्याच होत्या. आजोबा बँकेत असताना डबी म्हणते न्हाणीघरात. आजी झोपलेली असताना म्हणते गच्चीवर. प्रत्येकीवर आमच्या लोकांनी शेरा मारला होता, पट्टा अदलाबदल झाला असावा. जिवंत माणसाचं नाव चुकलं तर ती तक्रार, मेलेल्याचं चुकलं तर चमत्कार. बिघाड एकच होता, फक्त काकांच्या घरी त्याला आरामखुर्ची मिळाली.

सगळ्या तक्रारी नव्या अपडेटनंतरच्या. मी आमच्या सर्वांत ज्येष्ठ इंजिनियरांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "अपडेटच्या वेळी प्रोग्रामची साफसफाई झाली, तेव्हा 'ओके' छापणारी ओळ काढली ना कुणीतरी?"

जुन्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती. तिचं काम एवढंच, दर नोंदीनंतर "ओके" छापायचं. कुणी ते वाचत नव्हतं. ओळ गेली, तरी तिच्या वरची सूचना अजून तशीच होती, "ही ओळ काढू नका. का ते विचारू नका."

"का काढायची नाही?" मी विचारलं.

"काढली की भुतं येतात. परत घाल, जातील. इतकी वर्षं चाललंय ना?"

आमच्याकडे बाबाला बाबा म्हणत नाहीत, सीनियर म्हणतात. बाकी सगळं तेच. तोडगा आहे, गुण येतो, आणि का ते विचारायचं नाही. मला राग आला तो निरोपबाबाचा नव्हे, यांचा. बाबा निदान शाळेत नापास झालेला होता.

मी रजा टाकून काकांच्या शेजारी जाऊन बसले. बाबा त्या दिवशी दुसरीकडे निरोप पोचवायला गेले होते. काकांना खुर्चीत बसवलं, त्यांचा पट्टा माझ्या मनगटावर बांधला आणि म्हटलं, "आज मी चालते. तुम्ही नुसतं बघा."

चालून चालून माझे गुडघे दुखले. डबी बरोबर सांगत होती: अण्णा, आतली खोली. अण्णा, बाहेरची खोली. आणि बऱ्याच वेळानं, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा उमटलं, "आई : स्वयंपाकघर".

काकांचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मी वरची ओळ पाहत होते आणि खालची शोधत होते. मी बाहेरच्या खोलीत आलेय, ती ओळ कुठाय? नव्हती. काकू आल्या होत्या आणि नेमकं माझं एक पाऊल गहाळ होतं. पुढच्या वेळीही तेच. काकू माझ्या पावलाशेजारी येत नव्हत्या, माझ्या पावलाच्या जागी येत होत्या. तिथे माझी ट्यूब पेटली.

रविवारी मी बाबांना आव्हान दिलं. म्हणजे मी नम्रपणे विचारलं, "बाबा, यंत्र लहरी पकडतं तर तुमची लहरही पकडेल का?" बाबा खूश झाले. जिना पुन्हा भरला.

मी ऑफिसातून दोन वस्तू आणल्या होत्या. एक पट्ट्यांसकट अगदी तशीच डबी, जी मी भिंतीवरच्या पडद्याला जोडली, आणि एक चाचणीचं यंत्र, जे पट्टा बांधून माणूस चालल्याची नक्कल करतं, पण इतक्या भरभर की महिन्याची चाल चहा होईपर्यंत उरकते. सगळ्यांना ते आधीच सांगितलं, लपवाछपवी नको. बाबांच्या मनगटावर पट्टा बांधला. ते ऐटीत घरभर फिरले, पडद्यावर त्यांचं नाव उमटलं, टाळ्या झाल्या. मग त्यांच्याच पट्ट्याचा नंबर यंत्रात घालून मी डबी त्यांच्या चालीनं काठोकाठ भरली. त्यानंतर पट्टा काढला, सेल काढला, सेल शिंपीणबाईंच्या मुठीत दिला आणि बाबांना आरामखुर्चीत बसवलं.

"आता फक्त मी चालणार," मी म्हटलं, 'शेजारीण' नावाचा दुसरा पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला आणि त्याचा नंबर यंत्रात घातला.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. शेजारीण, शेजारीण, शेजारीण. लोक जांभया द्यायला लागले. मी मात्र पडद्यावरून डोळे हलवत नव्हते, कारण हा बिघाड बोलावून येणारा नव्हे. आणि मग आलं, "निरोपबाबा : न्हाणीघर".

सगळ्यांनी आरामखुर्चीकडे पाहिलं. बाबा तिथेच होते.

"बाबा," रांगेतले ते गृहस्थ हळूच म्हणाले, "तुम्ही न्हाणीघरात आहात."

तेवढ्यात आणखी एक, "निरोपबाबा : स्वयंपाकघर". शिंपीणबाईंनी मूठ उघडून सेल बघितला, बाबांना बघितलं आणि पदर तोंडाला लावला. हसू आवरायला. मग सगळा जिना हसला.

"यंत्र यांचं, शिकवलेलं यांनी," बाबा उसळले. "माझी चालसुद्धा यांनीच भरली."

"अगदी रास्त शंका," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं, कारण त्या माणसानं पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला होता. "म्हणून आता आतली चूक सांगते, ती दुरुस्त करते, आणि तुमच्यासमोर पुन्हा तेच करते."

सांगितलं ते असं. डबीत दोन कारकून आहेत. पहिला पट्ट्याची खबर ऐकतो, एका खणात कागद टाकतो आणि घंटा वाजवतो. दुसरा घंटा ऐकून तो खण उघडतो आणि कागदावरचं पडद्यावर आणि फोनवर पाठवतो. खण हजारो आहेत. संपले की पुन्हा पहिल्यापासून, जुन्या कागदाच्या जागी नवा. प्रोग्राममध्ये लिहिलंय तसंच: आधी कागद, मग घंटा. पण आतली चिप घाईची असते. वेळ वाचवायला ती कामं मागेपुढे करते, आणि कागद व घंटा यांचा एकमेकांशी संबंध आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. त्यामुळे हजारात कधीतरी घंटा आधी ऐकू जाते आणि कागद मागून पोचतो. दुसरा कारकून खण उघडतो, त्याला मागल्या फेरीचा शिळा कागद मिळतो, आणि तो बिचारा ताजा समजून वाचून दाखवतो. ती "ओके"ची ओळ छापताना पहिला कारकून योगायोगानं थांबायचा, तेवढ्यात कागद पोचायचा. ओळ गेली, थांबणं गेलं.

"टोल्याचं घड्याळ," काका अचानक बोलले. "काटा मागे आणि टोला आधी. घड्याळ दिसायला चालू असतं, पण माणूस टोल्यावर विश्वास ठेवून फसतो."

"अगदी तसंच, काका. यावर औषध म्हणजे अडसर. पहिल्या कारकुनाला सांगायचं, कागद पोचल्याशिवाय घंटा नाही. दुसऱ्याला सांगायचं, घंटा ऐकल्यावरच खणात बघायचं, आधी डोकावून ठेवायचं नाही. दोन्हीकडे लावावा लागतो. एकीकडे लावून भागत नाही."

मी अडसर घातलेला प्रोग्राम टाकला. पुन्हा डबी बाबांच्या चालीनं भरली, पुन्हा माझी चाल सुरू केली. चहा झाला, दुसरा चहा झाला. शेजारीण, शेजारीण, शेजारीण. बाबा काही न्हाणीघरात गेले नाहीत. मात्र दुसऱ्या चहाच्या सुमारास ते खुर्चीतूनही गेले होते. त्यांना म्हणे दुसरीकडे निरोप द्यायचा होता.

लोकही निघाले. कुणी काकांना "येतो" म्हटलं, कुणी तेवढंही नाही. जिना रिकामा झाला. चपला गेल्या, आवाज गेला. मी यंत्राच्या वायरी गुंडाळत बसले, कारण काकांकडे बघायचं धाडस होत नव्हतं. मी जिंकले होते, आणि त्या घरातून एका दिवसात पंचवीस माणसं आणि एक बायको बाहेर काढली होती.

"म्हणजे," काका म्हणाले, "ते कागद खोटे नव्हते."

"नाही. प्रत्येक कागद खरा होता. काकू खरंच कधीतरी स्वयंपाकघरात गेल्या होत्या. फक्त कागद जुना."

"आणि तो दिसला, की?"

मला हे सांगायचं नव्हतं. "दिसला की त्याच क्षणी त्याच्यावर नवा कागद पडतो. तुमच्या पावलाचा."

काकांनी बँडेजकडे बघितलं. "म्हणजे तिला शोधायला मी चालत होतो, आणि चालून चालून तिलाच पुसत होतो."

मी त्यांचा हात धरला. हात गार होता.

"उरलेले कागद मी काढून देऊ शकते, काका. अजून आहेत थोडे."

"काय असेल त्यावर?"

"बहुतेक स्वयंपाकघर."

"आणि माझ्या कागदांवर?"

"बहुतेक बाहेरची खोली."

ते हसल्यासारखे झाले आणि मग रडले. मी आजवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, पोचवायला गेलो तेव्हाही नाही. "एका घरात राहिलो ग आम्ही," ते म्हणाले. "ती आत, मी बाहेर. हाक मारली की चहा यायचा. नको काढू ते कागद. तुझा तो अडसर लाव आणि गाडी बोलाव. पण मला खुर्चीत बसवून खाली न्या. आता एक पाऊलही चालायचं नाही मला."

पाय वाचला. दोन बोटं गेली, पण पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं चालले असते तर काही हाती लागलं नसतं. ऑफिसात मी "का ते विचारू नका" ही ओळ खोडली आणि तिथे अडसर का लागतो ते चार वाक्यांत लिहिलं. ज्येष्ठांनी वाचलं आणि म्हणाले, "एवढं सोपं होतं होय." सोपंच असतं, फक्त कुणी विचारत नाही.

म्हणून सांगते. समोर अद्भुत काही दिसलं तर हात जोडायच्या आधी दोन प्रश्न विचारा. आधी काय झालं आणि नंतर काय झालं? आणि जे दिसतंय त्याच्या जागी काय दिसायला हवं होतं? प्रश्न विचारल्यानं कुणाचा देव बाटत नाही. आणि प्रश्न बाबालाच नव्हे, शिकलेल्यालाही विचारा, आपलं काम कसं चालतं हे त्याला ठाऊक आहे की तोही नुसता तोडगा करतोय. पण एवढ्यानं भागत नाही, हेही मी शिकले. काकांना लहरींचं शास्त्र पटलं होतं म्हणून ते बाबाच्या नादी लागले नव्हते. त्यांच्या दाराची कडी कुणी वाजवत नव्हतं म्हणून लागले होते. खोटेपणा उघडा करायचा तर पुरावा घेऊन जा, पण त्याच्या आधी नुसतं बसायला जा. अडसर दोन्हीकडे लागतो.

आता संध्याकाळी मी उतरते. काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी चिरतात, वाईट चिरतात, आणि मी फोडणी देते. ताटं दोन वाढतो. परवा मुलाचा फोन आला, आवाज घाबरलेला.

"ताई, डबी परत बिघडली का? अण्णा स्वयंपाकघरात दाखवतेय, आणि तिथेच आणखी एक नाव येतंय."

अडसर घातल्यावर काकांची डबी तपासायला मी तो 'शेजारीण'चा पट्टा तिला जोडला होता, आणि तो माझ्या मनगटावरच राहून गेला होता.

"बिघडली नाहीये रे," मी म्हटलं. "मी आलेय. जेवतोय आम्ही."